शरणपूरची माणसे आणि योसेफाच्या अस्थी

नाशकात शरणपूर रस्ता ठाऊक नाही असा माणूस सापडायचा नाही. दिवाळीच्या आठवड्यात तर या रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. कापडाची दुकाने, सराफी पेढ्या, दवाखाने, मिठाईच्या दुकानांपुढच्या रांगा आणि या सगळ्यांतून वाट काढणारी वाहने! परंतु या गर्दीत एखाद्याला थांबवून, 'अहो, हे शरणपूर म्हणजे काय? इथे कोण शरण आले आणि कुणाला?' असे विचारले, तर तो आपल्याकडे चमत्कारिक नजरेने पाहील आणि पिशव्या सावरीत पुढे जाईल. त्याचा दोष नाही. गावांची नावे आपण रोज तोंडाने घेतो, पण त्यांच्या पोटात शिरून पाहण्याची सवड कुणाला असते?

'शरण' हा शब्द आपल्या नाशिककरांना परका नाही. पंचवटीच्या रामाचे ब्रीदच मुळी शरणागताला अभय देण्याचे. शत्रूचा भाऊ बिभीषण दारात आला, तेव्हा सुग्रीवादी मंडळींनी नाना शंका काढल्या. पण शरण आलेल्याला परत लावायचे नाही, हा रामाचा निर्धार ढळला नाही. गोदावरीच्या काठी हजारो वर्षे घोळलेल्या या शब्दाने एका ख्रिस्ती वस्तीचे नाव बांधले गेले, यात मोठी मौज आहे. किंबहुना, ज्यांनी हे नाव ठेवले त्यांनी जागा पाहूनच शब्द निवडला असावा असे वाटते.

नाशिक आणि ख्रिस्ती धर्म असे म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे टिळक दांपत्य उभे राहते. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला आणि जलालपूरच्या माहेरवाशीण लक्ष्मीबाई मन तयार झाल्यावर १९०० साली त्यांच्या वाटेने गेल्या. ही कथा 'स्मृतिचित्रे'मुळे मराठी घरांत घरच्यासारखी झाली आहे. पण त्याच्याही चाळीस वर्षे आधी या गावाच्या पश्चिमेला एक वस्ती उभी राहिली होती आणि तिच्या अंगणात जी मुले खेळत होती, त्यांतली काही ना मराठी होती, ना हिंदुस्थानी. ती आफ्रिकेची होती. त्यांची हकीकत आज सांगावयाची आहे. देवाने दिलेल्या वचनावर माणसाने किती काळ विसंबावे आणि वाट पाहताना त्याने हातांनी काय करावे, या जुन्या प्रश्नाचे एक उत्तर या मुलांनी आपल्या आयुष्याने लिहून ठेवले आहे.

चर्च मिशनरी सोसायटी या इंग्रजी संस्थेचे काम नाशकात १८३२ पासून चालू होते. १८५४–५५ च्या सुमारास रेव्हरंड विल्यम सॉल्टर प्राइस या गृहस्थांनी शहराबाहेर जमीन मिळवून शरणपूर वसविले. धर्मांतर केलेल्या माणसाला त्या काळी भाऊबंद घरात घेत नसत, गावात विहीर मिळत नसे, हाताला काम मिळत नसे. अशांना छप्पर आणि धंदा मिळावा म्हणून ही वसाहत. शाळा, प्रार्थनामंदिर, अनाथांचे घर आणि सुतारकाम, लोहारकाम शिकविणारे कारखाने, असा तिचा थाट होता.

त्याच सुमारास अरबी समुद्रात एक वेगळेच नाट्य चालले होते. पूर्व आफ्रिकेच्या आतल्या मुलखातून, विशेषतः न्यासा सरोवराच्या भोवतालच्या गावांतून, माणसे पकडून किनाऱ्यावर आणीत. झांजीबार बेटावर त्यांचा उघडा बाजार भरे. तेथून गलबतांत कोंबून त्यांना अरबस्तान, इराणच्या आखाताकडे नेत. इंग्रजी आरमाराची जहाजे या गलबतांचा पाठलाग करीत आणि एखादे हाती लागले की आतली माणसे सोडवीत. पण सोडविलेल्या मुलांना न्यायचे कोठे? त्यांचे गाव जळालेले, आईबाप मेलेले वा विकले गेलेले, आणि परत किनाऱ्यावर सोडावे तर पुन्हा त्याच व्यापाऱ्यांच्या हाती पडायची. म्हणून त्यांतली बरीच मुंबईला उतरविली जात. सरकार त्यांना मिशनांच्या स्वाधीन करी आणि १८६० नंतर त्यांतली पुष्कळ मुले घाट चढून नाशकास, शरणपुरात येऊन पोहोचली.

वाचकहो, क्षणभर त्या मुलांच्या ठिकाणी आपल्या घरातले आठदहा वर्षांचे पोर कल्पून पाहा. रात्री गावावर धाड पडते. गळ्यात लाकडी जू अडकवून शेकडो मैल चालविले जाते. समुद्र म्हणजे काय हे ठाऊक नसलेल्या जिवाला गलबताच्या तळाशी टाकतात. मग तोफांचा आवाज, गोऱ्या माणसांचे जहाज, परकी भाषा, मुंबईचा धक्का आणि शेवटी गोदावरीचे हे शांत, उघडे माळरान. आईबापांनी ठेवलेली नावे मागे पडली आणि साहेबांची आडनावे चिकटली. नाशकात काम केलेल्या मिशनरींची आडनावे फॅरर, आयझेनबर्ग, प्राइस. आणि या आफ्रिकी मुलांची नावेही कॅरस फॅरर, रिचर्ड आयझेनबर्ग, सायमन प्राइस! एका परीने हा मायेचा शिक्का होता. दुसऱ्या परीने एक हरवणेही होते. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि इतिहास सांगताना त्यांतली एकच सांगणे बरे नव्हे.

या मुलांच्या हाती शरणपुरात दोन गोष्टी पडल्या. एक हातोडा किंवा रंधा आणि दुसरी बायबलाची पोथी. पहिलीचा उपयोग ताबडतोब कळतो. दुसरीचा काय झाला असेल?

आता बायबल हा ग्रंथ वाचणारा कोण आहे यावर त्यातली कुठली पाने बोलू लागतील हे अवलंबून असते. लंडनच्या सुखवस्तू घरात जी पाने मुकी राहतात, तीच विकल्या गेलेल्या मुलापुढे तोंड उघडतात. त्या ग्रंथाच्या पहिल्याच पुस्तकात योसेफाची कथा आहे. सतरा वर्षांच्या योसेफाला त्याचे भाऊ व्यापाऱ्यांना विकतात. तो मिसर देशात, म्हणजे आफ्रिकेतच, गुलाम होतो. खोट्या आळापायी तुरुंगात पडतो. तेथे राजाच्या प्यालेबरदाराच्या स्वप्नाचा तो उलगडा करतो आणि 'सुटलास की माझी आठवण ठेव' एवढेच मागतो. तो सुटतो आणि विसरतो. एकदोन दिवस नव्हे, पुरती दोन वर्षे. तिसाव्या वर्षी योसेफ राजासमोर उभा राहतो, तेव्हा त्याच्या विक्रीला तेरा वर्षे उलटलेली असतात.

बायबलातल्या वचनांचा सगळा प्रकारच असा संथ आहे. अब्राहामाला परमेश्वर संततीचे वचन देतो तेव्हा तो पंचाहत्तर वर्षांचा असतो. इसहाक जन्मतो तेव्हा शंभरीचा. मधली पंचवीस वर्षे कोऱ्या पाळण्याकडे पाहण्यात जातात. त्याच अब्राहामाला असेही सांगितले जाते की, तुझे वंशज परक्या देशात चारशे वर्षे दास्य भोगतील आणि मग सुटतील. चारशे वर्षे! ज्याला वचन दिले त्याच्या नातवाच्या नातवालाही ते फळ दिसायचे नाही. उपदेशक म्हणतो, प्रत्येक गोष्टीला तिचा समय असतो. हबक्कूक संदेष्टा म्हणतो, दर्शनाला उशीर झाला तरी वाट पाहा. वृद्ध शिमोन वाट पाहत राहतो आणि अखेर मंदिरात बाळ येशूला हातात घेऊन कृतार्थ होतो. घड्याळ माणसाच्या हाती नाही, हा या सर्व कथांचा सूर.

पण योसेफाच्या कथेला एक शेपूट आहे, आणि माझ्या मते सारे मर्म त्या शेपटात आहे. एकशेदहाव्या वर्षी मरताना योसेफ मिसरचा जवळजवळ राजाच होता. त्याच्यासाठी मोठे थडगे सहज उठले असते. पण तो आपल्या लोकांकडून शपथ घेतो की, देव तुम्हांला एक दिवस येथून नेईल. त्या दिवशी माझ्या अस्थी येथे ठेवू नका, बरोबर घेऊन जा. शतके लोटतात. मोशे दास्यातून लोकांना बाहेर काढतो, त्या धांदलीच्या रात्रीही तो योसेफाच्या अस्थी उचलायला विसरत नाही. चाळीस वर्षे अरण्यातून त्या अस्थी वाहिल्या जातात आणि शेवटी शखेम येथे त्यांचे दफन होते. वचन देवाचे खरे. पण ते पुरे व्हायला माणसांचे खांदे लागले. नुसते आकाशाकडे पाहून अस्थी चालत गेल्या नाहीत.

हे ध्यानात ठेवून आता पुढचे ऐका.

१८६५ साली डेव्हिड लिव्हिंगस्टन हा विख्यात प्रवासी व धर्मोपदेशक मुंबईत होता. आफ्रिकेच्या शेवटच्या प्रवासाची त्याची तयारी चालली होती. त्याला तिकडच्या भाषा येणारी आणि हातात हुन्नर असलेली माणसे हवी होती. शरणपूरच्या शाळेतले नऊ तरुण त्याच्याबरोबर निघाले. जानेवारी १८६६ मध्ये मुंबईहून 'थुले' नावाचे जहाज सुटले आणि जी मुले बेड्या घालून आफ्रिकेतून निघाली होती, ती पगारी माणसे म्हणून परत चालली.

ती सगळी देवदूत होती असे समजू नये. वाट भयंकर होती, तापाने माणसे गळत होती, लिव्हिंगस्टनचा स्वभाव हेकट होता आणि या शहरी वळणाच्या पोरांना ओझी वाहणे कमीपणाचे वाटे. त्यांच्याबद्दल तो आपल्या रोजनिशीत चिडून लिहितो. रिचर्ड आयझेनबर्ग वाटेत मेला. काही जण सोडून गेले. एकाचा खून झाला. पण एडवर्ड गार्डनर आणि नथॅनिएल कुंबा हे दोघे शेवटपर्यंत टिकले. १८७२ साली नाशकाचीच आणखी सहा मुले नव्या तुकडीबरोबर त्याला जाऊन मिळाली. त्यांत जेकब वेनराइट, त्याचा भाऊ जॉन, कॅरस फॅरर आणि मॅथ्यू वेलिंग्टन ही नावे आहेत.

१८७३ च्या मे महिन्याच्या आरंभी आजच्या झांबियातील चितांबो नावाच्या मुखियाच्या गावात, गवताच्या झोपडीत, लिव्हिंगस्टन बिछान्याशेजारी गुडघे टेकलेल्या स्थितीत मृत सापडला. भोवती साठएक माणसे. कोणी गोरा माणूस हजार मैलांत नव्हता. त्याला तिथेच पुरून, सामान वाटून घेऊन घरी जायला कुणाची हरकत होती? कुणी जाब विचारणार नव्हते. सूसी आणि चूमा या जुन्या सोबत्यांनी आणि नाशिकच्या मंडळींनी मिळून विचार केला आणि ठरविले की, धन्याला त्याच्या माणसांत पोहोचवायचे.

त्यांनी देह उघडून काळीज व आतडी पत्र्याच्या डब्यात घालून झाडाखाली पुरली. तेथे दफनविधीची प्रार्थना वाचली ती शरणपूरच्या शाळेत वाचायला शिकलेल्या जेकब वेनराइटने. झाडाच्या बुंध्यावर नाव आणि तारीख कोरली तीही त्यानेच. मग देहाला मीठ लावून चौदा दिवस उन्हात वाळविला, कापडात गुंडाळला, झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घातला, वरून शिडाचे कापड शिवले. आणि हे ओझे खांद्यावर घेऊन ती मंडळी समुद्राकडे निघाली.

हजार मैलांहून जास्त वाट; नऊ महिने. तापाने माणसे मेली. ऑक्टोबरमध्ये उन्यान्येंबे येथे त्यांना लिव्हिंगस्टनच्याच मदतीला निघालेला लेफ्टनंट कॅमरन भेटला. त्याने सल्ला दिला की, कशाला एवढा जीव धोक्यात घालता, इथेच पुरून टाका. ते नाही म्हणाले. पुढे एका गावाने मुडदा आपल्या शिवेतून नेऊ द्यायला नकार दिला. तेव्हा यांनी शक्कल काढली. गवतकाड्यांचे खोटे प्रेत बांधून, आम्ही याला परत नेऊन पुरतो असे दाखवून काही जण मागे फिरले आणि रानात त्याची विल्हेवाट लावून आले; इकडे खरा देह कापडाच्या गाठोड्याच्या रूपाने बांधून शिवेपार झाला. फेब्रुवारी १८७४ मध्ये बागामोयोच्या किनाऱ्यावर त्यांनी ओझे उतरविले. तेथून जहाजाने देह इंग्लंडला गेला, तेव्हा त्याच्याबरोबर एकटा जेकब वेनराइट होता. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेत, राजेरजवाड्यांच्या थडग्यांमध्ये, लिव्हिंगस्टनचे दफन झाले आणि शवपेटी धरून चालणाऱ्यांत एक काळा तरुण होता. तो नाशकाच्या शाळेचा विद्यार्थी होता!

त्याची त्या प्रवासातली हस्तलिखित रोजनिशी स्कॉटलंडमधील ब्लँटायर येथे लिव्हिंगस्टनच्या जन्मस्थानी जपून ठेवलेली आहे. जेकब स्वतः मात्र १८९२ साली आफ्रिकेत उरांबो येथे मरण पावला. मोठेपणाचे दिवस लंडनच्या दोनचार सभांपुरते होते. मग उरलेले आयुष्य दुभाष्याचे आणि नोकराचे.

आता योसेफाच्या अस्थी आठवा. चितांबोच्या झाडाखाली जमलेल्या त्या मंडळींनी ती कथा मनात आणली होती असे मी म्हणणार नाही. तसे म्हणायला आधार नाही. पण ज्यांना ती शाळेत शिकविली होती, त्यांच्याच खांद्यांवर असे ओझे यावे, याला काय म्हणावे? तिकडे दास्यातून सुटलेले लोक पूर्वी दास झालेल्याच्या अस्थी वाहत होते. इकडे दास्यातून सुटलेली माणसे दास्याविरुद्ध आयुष्यभर लढलेल्याचा देह वाहत होती.

आणि काळाची गंमत पाहा. १८७१ सालच्या जुलैत न्यांग्वे गावच्या बाजारात लिव्हिंगस्टनच्या डोळ्यांदेखत गुलामांच्या व्यापाऱ्यांनी शेकडो बायकापुरुषांची कत्तल केली होती. त्याने लिहिलेली ती हकीकत इंग्लंडला पोहोचली आणि लोकमत खवळले. सरकारने सर बार्टल फ्रीअर यांना झांजीबारला धाडले. हे फ्रीअर म्हणजे १८६२ ते १८६७ पर्यंतचे आपल्या मुंबई इलाख्याचे गव्हर्नर. नाशकातली आफ्रिकी मुले त्यांना चांगली ठाऊक होती. ५ जून १८७३ रोजी झांजीबारच्या सुलतानाने करारावर सही केली आणि तिथला गुलामांचा बाजार कायमचा बंद झाला. लिव्हिंगस्टन मरून तेव्हा उणेपुरे पाच आठवडे झाले होते. ज्या गोष्टीसाठी त्याने हाडे झिजविली, ती झाली हे त्याला कधीच कळले नाही.

मोशेचेही असेच झाले. नबो डोंगरावरून त्याने वचनदत्त भूमी डोळे भरून पाहिली आणि तिथेच त्याने प्राण ठेवला; नदी ओलांडली दुसऱ्यांनी. लिव्हिंगस्टनला तर डोंगरावरून पाहायलाही मिळाले नाही. वचन पुरे होण्याची वेळ आणि वचनावर विसंबलेल्याच्या आयुष्याची वेळ या दोहोंचा मेळ बसेलच असे नाही. बायबल हे लपवीत नाही. म्हणूनच ते वाचताना धीर येतो. पुराणातला प्रत्येक तपस्वी जर वेळेवर वर मिळवून घरी गेला असता, तर आपल्यासारख्यांना त्या कथा खऱ्या वाटल्या नसत्या.

करार झाला, पण समुद्रावर सुटणाऱ्या माणसांना ठेवायचे कोठे हा प्रश्न राहिलाच. फ्रीअर यांनी सुचविले की, नाशकासारखी वसाहत आता आफ्रिकेतच करा. नाशिक सोडून विलायतेला गेलेल्या प्राइससाहेबांना पुन्हा बोलावणे गेले. १८७४ च्या अखेरीस ते मोंबासाला उतरले आणि १८७५ साली खाडीपलीकडे 'फ्रीअरटाउन' उभे राहिले. त्याला हात लावले ते येथून गेलेल्या सुमारे दीडशे आफ्रिकी माणसांनी. तिकडे त्यांना 'बॉम्बे आफ्रिकन' म्हणत. शरणपूर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पुन्हा रोवले गेले, असेच म्हणायला हवे. गुलामांचे व्यापारी चाल करून आले की इशारा देण्यासाठी तेथे एक मोठी घंटा टांगली होती. ती आजही तेथे आहे आणि त्या भागाला स्वाहिली भाषेत 'केंगेलेनी', म्हणजे घंटेचे ठिकाण, असेच म्हणतात.

त्यांच्याही आधी, १८६४ च्या सुमारास, नाशकाहून विल्यम जोन्स आणि इश्माएल सेमलर हे दोघे मोंबासाजवळच्या रबाई येथे गेले होते. तेथे योहान रेबमान नावाचा जर्मन धर्मोपदेशक १८४६ पासून तळ देऊन बसला होता. किलिमांजारोचे बर्फ पाहून जगाला सांगणारा तो हाच. एकोणतीस वर्षे त्याने वाट पाहिली; हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी माणसे त्याच्या धर्मात आली; डोळे गेले; १८७५ साली आंधळा होऊन तो मायदेशी परतला. कुणी म्हणेल, काय मिळविले? पण त्याने तयार केलेले कोश आणि भाषांतरे पुढच्यांना लागली, आणि त्याने राखलेल्या त्या रबाई गावातच पुढे जे घडले ते ऐकण्यासारखे आहे.

झांजीबारच्या कराराने समुद्रावरच्या व्यापाराला बंदी झाली, पण किनाऱ्यावर घरोघरी, मळ्यांत जे गुलाम होते ते गुलामच राहिले. कायद्याने ते मालकांची मालमत्ता होते. त्यांतले काही पळून मिशनच्या वस्तीत येऊ लागले. शरण आले! आता काय करायचे? वरून हुकूम होता की, पळालेल्यांना आश्रय देऊ नका. मालकांशी, सुलतानाशी बिघाड होईल. कायदा बदलेपर्यंत धीर धरा. फ्रीअरटाउनमध्येही सर्व काही रामराज्य नव्हते. गोऱ्या अधिकाऱ्यांची वागणूक आणि पगारातला भेद यांवरून बॉम्बे आफ्रिकनांची धुसफूस चालू असे, आणि १८८१ साली कडक शिक्षांबद्दल चौकशी होऊन तेथल्या अधीक्षकाला जावे लागले.

रबाईचा कारभार पुढे विल्यम जोन्सकडे आला. तो स्वतः विकला गेलेला पोर. शरणपुरात लहानाचा मोठा झालेला. त्याच्या दारात पळालेला गुलाम येऊन उभा राहिला की त्याला परत लावणे जोन्सला जमेना. एकामागून एक माणसे येत गेली, झोपड्या वाढत गेल्या. वरिष्ठांच्या कागदावर 'थांबा' लिहिलेले होते, पण याच्या दाराला कडी नव्हती.

१८८५ साली बिशप हॅनिंग्टन यांनी जोन्स आणि सेमलर यांना दीक्षा दिली. त्याच वर्षी जोन्स बिशपांबरोबर युगांडाच्या वाटेला लागला. बिशप थोडी माणसे घेऊन पुढे गेले आणि २९ ऑक्टोबरला बुसोगात मारले गेले. उरलेला तांडा सांभाळून जोन्स शेकडो मैल परत आला. १८८६ च्या फेब्रुवारीत तो रबाईत शिरला, तेव्हा तांड्यापुढे एक निळे निशाण होते आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द होता: 'ईखाबोद'. बायबलात, करारकोश शत्रूच्या हाती पडल्याचे ऐकून प्राण सोडणाऱ्या एका बाळंतिणीने आपल्या मुलाचे ठेवलेले ते नाव. वैभव गेले, असा त्याचा भाव. शोक कसा व्यक्त करावा हे ज्याला त्या ग्रंथाने शिकविले, त्याला आशा कशी धरावी हेही त्यानेच शिकविले असणार.

१८८८ साली प्रकरण हातघाईवर आले. मालकांनी रबाईवर चाल करण्याच्या धमक्या दिल्या. नव्याने आलेल्या ईस्ट आफ्रिका कंपनीचे मॅकेन्झी यांनी मोजदाद केली, तेव्हा पळून आलेल्यांची संख्या चौदाशेच्या घरात निघाली. अखेर मालकांना पैसे मोजून सुटका करावयाचे ठरले आणि १ जानेवारी १८८९ रोजी रबाईत चौदाशे माणसांच्या हाती मुक्तीचे दाखले पडले. मोशेच्या नियमशास्त्रात दर पन्नासाव्या वर्षी 'योबेल' साजरा करण्याची आज्ञा आहे; त्या वर्षी रणशिंग फुंकावयाचे आणि दास असेल त्याने मोकळे होऊन घरी जावयाचे. रबाईत त्या दिवशी योबेलच उगवला. आणि मौज अशी की, चौदाशे माणसे जर आधीच दारात घेतली नसती, तर हा दिवस उगवायला कारणच उरले नसते! किनाऱ्यावरची गुलामगिरी कायद्याने पुरती संपली १९०७ साली. वरिष्ठांच्या 'थांबा'प्रमाणे वागले असते, तर ही माणसे आणखी अठरा वर्षे मळ्यांत राबली असती, आणि त्यांतली किती त्याआधीच मेली असती!

आता या सगळ्यातून काय उमगते ते पाहू.

'देवाच्या वेळेवर विश्वास ठेवावा' हे वाक्य दोन तोंडांतून येते आणि दोन्ही वेळा त्याचा अर्थ निराळा होतो. सोसणाऱ्याच्या तोंडून ते आले तर ते बळ असते. तुरुंगातला योसेफ, पंचवीस वर्षे पाळणा रिकामा पाहणारी सारा, आंधळा होईतो रबाई न सोडणारा रेबमान, यांच्या तोंडी ते शोभते. कारण किंमत ते स्वतः मोजीत असतात. पण सुखात बसलेल्याने सोसणाऱ्याला तेच वाक्य ऐकविले की त्याचे विष होते. पळून आलेल्या माणसाला 'योग्य वेळ येईल, तोवर मालकाकडे जा' असे सांगणारा देवाचे घड्याळ आपल्या खिशात घालून बसलेला असतो. जोन्सला हा भेद कळला. त्याने स्वतःपुरता धीर धरला, दुसऱ्याला धीर धरायला लावून दार मात्र बंद केले नाही.

आपल्याकडेही वाट पाहण्याचा मोठा आदर्श याच नाशिकच्या रामकथेत आहे. भरत चौदा वर्षे नंदिग्रामात राहिला. पण तो हातावर हात ठेवून बसला नाही. पादुका सिंहासनावर ठेवून त्याने रोजचा राज्यकारभार चालविला, आणि अवधी संपल्यावर एक दिवसही उलटला तर अग्निप्रवेश करीन असे बजावून ठेवले. ठरल्या वेळी हनुमान निरोप घेऊन पुढे आला. आपण दिवे लावतो ते रामाच्या परतीचे म्हणतो. पण दिव्यात तेल चौदा वर्षे भरताने राखले होते, हे विसरू नये. वचनाची वेळ वरून येते हे खरे मानले, तरी ती आल्यावर घर उघडे आणि दिवा तयार असावा लागतो, आणि हे काम माणसाचे आहे.

नाशकाहून गेलेल्यांतला मॅथ्यू वेलिंग्टन फार जगला. मोंबासात तो १९३५ साली वारला. लिव्हिंगस्टनच्या देहाबरोबर चाललेल्यांतला तो अखेरचा. लहानपणी ज्याला विकले, त्याच्या हयातीत झांजीबारचा बाजार बंद झाला, त्या बाजाराच्या जागेवर प्रार्थनामंदिर उठले, रबाईचे दाखले वाटले गेले आणि किनाऱ्यावरून गुलामगिरी हद्दपार झाली. अब्राहामाला सांगितलेली चारशे वर्षे या एका माणसाच्या आयुष्यात जणू दाटून बसली. शिमोनासारखे त्याने ते डोळ्यांनी पाहिले. रिचर्ड आयझेनबर्ग वाटेतच मेला. त्याने काही पाहिले नाही. एकाच शाळेच्या बाकांवर बसलेली ही दोन मुले. वचन दोघांनाही एकच शिकविले होते आणि खांदे दोघांनीही दिले होते.

दिवाळीच्या खरेदीला शरणपूर रस्त्याने जाल, तेव्हा घरातल्या मुलांना ही नावे सांगा: जेकब वेनराइट, विल्यम जोन्स, मॅथ्यू वेलिंग्टन. ती उच्चारायला थोडी परकी वाटतील. पण ती या गावाची नावे आहेत. आणि ज्या गावाच्या नावात 'शरण' आहे, त्याने आपली माणसे लक्षात ठेवली पाहिजेत.